काकूंचा डी ड्राइव्ह

लिनक्स इन्स्टॉल करताना मध्येच एक पडदा येतो. त्यावरचा एक पर्याय सांगतो की संगणकाची डिस्क संपूर्ण पुसून नवी सिस्टीम टाकली जाईल. तो पडदा मी इतक्या वेळा पाहिलाय, की वाचणं केव्हाच सोडून दिलं होतं. जुलै २०२० मधल्या एका दुपारी, रोहण्यात, शेजारच्या काकूंच्या घरी मी त्या पर्यायावर क्लिक केलं, तेव्हा माझ्या दुसऱ्या हातात चहाचा कप होता. मी पडद्याकडे नाही, कपाकडे बघत होतो.

रोहणा हे वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं गाव. पुलगावहून आर्वीला निघालं की वाटेत लागतं. आजूबाजूला कापूस, तूर, सोयाबीन. लॉकडाऊन लागला आणि मी पुण्याचं हॉस्टेल सोडून घरी आलो. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं, परीक्षा होणार की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नोकरीचं ऑफर लेटर आलं होतं, पण जॉइनिंगची तारीख नव्हती. थोडक्यात, माझ्याकडे वेळच वेळ होता आणि डोक्यात लिनक्स.

ज्यांना हा आजार कधी झाला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं, की तो एक मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बनवतोय, छंद म्हणून. त्याच्या आठ वर्षं आधी, १९८३ मध्ये, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमनने ग्नू प्रकल्पाची घोषणा केली होती. त्याचं म्हणणं साधं होतं. प्रोग्रॅम वापरायची, त्याच्या आत काय आहे ते बघायची, त्यात बदल करायची आणि तो दुसऱ्याला द्यायची मोकळीक प्रत्येकाला हवी. हे दोन प्रवाह एकत्र आले आणि त्यातून आज आपल्या आजूबाजूला असलेलं लिनक्स उभं राहिलं. तुम्ही हे अँड्रॉइड फोनवर वाचत असाल, तर त्याच्याही पोटात लिनक्सचाच गाभा आहे. कॉलेजात हे सगळं पहिल्यांदा कळलं, तेव्हा मी भारावून गेलो होतो. लॅपटॉपवर पेंग्विनचं स्टिकर लावलं होतं आणि जो भेटेल त्याला ज्ञान देत होतो.

गावात ज्ञान द्यायला गिऱ्हाईक आयतं मिळालं. काकूंची मुलगी नववीत गेली होती आणि शाळा ऑनलाइन सुरू होणार होती. घरात फोन एकच. पण कोपऱ्यात टेबलावर एक जुना डेस्कटॉप होता, काकांनी हौसेने घेतलेला. काका २०१८ मध्ये गेले. त्यानंतर तो फारसा कुणी लावला नव्हता. त्यात विंडोज ७ होतं, ज्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी जानेवारीत बंद केला होता. रॅम दोन जीबी. चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की तोवर मास्तरांची हजेरी संपली असती.

"काकू, हे लिनक्सवर टाकू. फुकट असते आणि हलकंबी चालते."

"फुकट?" काकूंनी माझ्याकडे जरा संशयानेच पाह्यलं. "फुकट हाये तं मंग देनाऱ्याले काय भेटते?"

तेव्हा मी त्यांना अर्धा तास भाषण दिलं. इंग्रजीत म्हणे 'फ्री' या एकाच शब्दामुळे सगळा घोळ होतो, फुकटही तोच आणि मोकळाही तोच. आपल्याकडे बरं आहे, फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. काकूंनी ऐकून घेतलं, चहा ठेवायला उठल्या, आणि जाता जाता म्हणाल्या, "बरं बाबू, तुले जे समजते ते कर."

हे वाक्य मी परवानगी म्हणून घेतलं. खरं तर त्यांनी माझ्यावर सोपवलेला तो भार होता.

मी विचारलं होतं, अगदीच नाही असं नाही. "याच्यात काही महत्त्वाचं हाये का?" काकू आतून म्हणाल्या, "काय असन त्याच्यात? पोरीचं काही असन शाळेचं." मी डेस्कटॉपवरच्या आणि डॉक्युमेंट्समधल्या फाइली पेन ड्राइव्हवर घेतल्या. नुकतंच आलेलं लिनक्स मिंट २० दुसऱ्या पेन ड्राइव्हवर तयार होतंच. लावलं, नेक्स्ट, नेक्स्ट, डिस्क पुसा, हो. वीस-पंचवीस मिनिटांत संगणक नवाकोरा. मुलगी खूश. मी तिला ब्राउझर दाखवला आणि घरी येऊन जेवलो.

संध्याकाळी काकू दारात आल्या. "बाबू, काकाचे फोटो कुठीसा गेले त्याच्यात? सापडत नाही."

तुमच्यापैकी ज्यांनी विंडोज वापरलंय त्यांना सी ड्राइव्ह आणि डी ड्राइव्ह माहीत असतील. आपल्याला वाटतं, ही दोन वेगवेगळी कपाटं आहेत. बहुतेक घरगुती संगणकांत ते एकच कपाट असतं आणि त्याला मध्ये फळी मारलेली असते. काकांनी डिजिटल कॅमेऱ्यातले सगळे फोटो वर्षानुवर्षं डी मध्ये ठेवले होते. मी सी मधल्या फाइली उचलल्या, डी उघडूनही पाहिला नाही, आणि कपाटच रिकामं केलं. मी संगणकाचा इंजिनिअर होणार होतो आणि मला हे माहीत होतं. माहीत असणं आणि त्या क्षणी लक्षात येणं, यात चहाच्या एका कपाइतकं अंतर होतं.

मी काकूंना तेव्हा खोटं बोललो. "पाह्यतो, असतीन कुठीतरी." आणि धावत जाऊन आधी संगणक बंद केला.

बंद करण्यामागे कारण होतं. अशी चूक कधी तुमच्याही हातून झाली, तर हे लक्षात ठेवा. डिस्क 'पुसली' तरी जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवरचा मजकूर लगेच नाहीसा होत नाही. पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाडली जाते, पानं तशीच असतात. पण संगणक चालू राहिला तर तो त्या पानांवर नवं लिहीत जातो आणि जिथे लिहिलं तिथलं जुनं कायमचं जातं. म्हणून आधी थांबायचं. (नव्या एसएसडीमध्ये ही संधीही बऱ्याचदा मिळत नाही. ती रिकामी म्हटलेली जागा स्वतःच साफ करून टाकते.)

फोटोरेक नावाचा एक प्रोग्रॅम आहे, तोही मुक्त सॉफ्टवेअरच. तो अनुक्रमणिकेच्या भानगडीत पडत नाही. डिस्कचा तुकडा अन् तुकडा चाळतो आणि फोटोची सुरुवात कशी असते, ती खूण ओळखून फाइल बाहेर काढतो. मी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, सापडेल ते साठवायला घरची बाहेरची हार्ड डिस्क लावली, आणि रात्रभर काकूंच्या ओसरीत बसून राहिलो. बाहेर पाऊस होता. लाइट जाईल या भीतीने मी देव आठवत होतो.

सकाळी हजारो फाइली निघाल्या. बऱ्याचशा वेबसाइटवरच्या बारक्या चित्रांच्या. फोटोंची नावं गेली होती, फोल्डर गेले होते, तारखा गेल्या होत्या. काही फोटो वरून अर्धे आणि खाली राखाडी पट्टा. मग चार दिवस काकू, त्यांची मुलगी आणि मी, तिघं मिळून ते निवडत बसलो. पंढरपूर. शाळेचं गॅदरिंग. शेतातली पहिली वेचणी. काकू एकेका फोटोवर थांबायच्या, गोष्ट सांगायच्या, आणि मुलगी ती फाइलच्या नावात लिहायची.

सापडला नाही तो एक व्हिडिओ. तान्ह्या पोळ्याचा. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडी बैल सजवून मिरवायला नेतात. काकूंची मुलगी चार-पाच वर्षांची, बैलाची दोरी ओढतेय, आणि कॅमेऱ्यामागून काका हसत तिला काहीतरी म्हणतायत. काका फोटोत क्वचितच असायचे, कारण कॅमेरा त्यांच्याच हातात. त्यांचा आवाज असलेलं घरात ते एवढंच होतं. मोठा व्हिडिओ डिस्कवर एकसलग नसतो, तुकड्या-तुकड्यांत पसरलेला असतो. असे तुकडे जोडणं फोटोरेकला जमत नाही. दोन वेळा चाळून पाहिलं. नाही मिळाला.

मग मी काकूंना सगळं खरं सांगितलं.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तो जो पडदा होता म्हंते तू, पुसाचं का म्हून विचारनारा, त्याच्यावर काय लिवलं होतं?"

मी सांगितलं.

"इंग्रजीत होतं?"

"हो."

"मराठीत होत नाही का ते?"

होतं. तिथेच मला घाम फुटला. लिनक्स मिंटच्या इन्स्टॉलरचा पहिला प्रश्नच भाषेचा असतो आणि त्या यादीत मराठी असते. अनुवाद सगळीकडे पूर्ण नसेल, पण असते. मी दरवेळी ती यादी न वाचता पुढे जायचो.

"मी सातवी शिकेल हाव बाबू," काकू म्हणाल्या. "वाचता येते मले. मले वाचाले देलं असतं तं म्या इचारलं असतं, सारंच पुसते का म्हून."

एवढंच. त्यावर त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून मी ज्या गोष्टीला मदत म्हणायचो, तिच्याकडे मला नव्याने बघावं लागलं. मी त्यांना मोकळीक द्यायला गेलो होतो, आणि त्यांच्याच घरात, त्यांच्याच यंत्रावर, त्यांना न वाचता येईल अशा भाषेत, त्यांच्या वतीने 'हो' म्हणून आलो होतो. स्टॉलमनची सगळी तत्त्वं मला पाठ होती आणि मी त्या टेबलावर अगदी उलटं वागलो होतो.

त्या यादीतली 'मराठी' काही आपोआप उगवलेली नाही, हे नंतर वाचताना कळलं. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड १९८६ मध्ये सरकारी पातळीवर ठरला. लिनक्सवर देवनागरी नीट दिसावी म्हणून लोहित फॉन्ट २००४ मध्ये रेड हॅटने खुले केले आणि त्यांच्या पुण्याच्या ऑफिसातल्या लोकांनी ते वर्षानुवर्षं सांभाळले. कितीतरी लोकांनी रात्री जागून, एकेक वाक्य घेऊन, इन्स्टॉलरचे आणि मेन्यूंचे अनुवाद केले, बरेचसे पगाराशिवाय. सी-डॅकने २००७ मध्ये काढलेल्या बॉस लिनक्समध्येही मराठी होती. इतक्या लोकांनी खपून तो दरवाजा काकूंसाठी उघडा ठेवला होता. मी तो त्यांच्या तोंडावर लावून घेतला.

आम्ही वर्धा जिल्ह्यातले, त्यामुळे शाळेची सहल ठरलेली, सेवाग्राम आणि वर्ध्याचं मगन संग्रहालय. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं. तिथे नाना तऱ्हेचे चरखे आहेत. लहानपणी ते बघताना कंटाळा आला होता. २०२० नंतर मी पुन्हा एकदा एकटा गेलो. कारण मध्ये एक गोष्ट वाचली होती. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने एक स्पर्धा जाहीर केली होती, सुधारित चरखा बनवणाऱ्याला एक लाख रुपये बक्षीस. तेव्हाचे एक लाख! अटींमध्ये किती सूत निघालं पाहिजे ते होतंच. पण किंमत १५० रुपयांच्या वर नको, खेड्यातल्या झोपडीत बाईला तो आठ तास चालवता आला पाहिजे, आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांच्या वर जाता कामा नये, अशाही अटी होत्या.

त्या चरख्यांसमोर उभं राहून माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. यंत्र चांगलं की वाईट, हे ठरवताना ते कुणाच्या हातात चालणार आणि बिघडलं तर कोण दुरुस्त करणार, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला होता. मी काकूंकडे जे लावून आलो होतो ते बिघडलं, तर दुरुस्त करायला पुण्याहून मीच यायचं होतं. म्हणजे त्यांनी एक मालक सोडून दुसरा धरला होता, एवढाच काय तो फरक. पहिला अमेरिकेत होता, दुसरा शेजारी.

गेल्या वर्षी दिवाळीत पुन्हा तशीच वेळ आली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप लागते आणि ठरावीक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले चालणारे कितीतरी लॅपटॉप एका तारखेनंतर 'जुने' ठरले. भाऊबीजेपर्यंत माझ्याकडे गावातून चार यंत्रं आली. एक कॉलेजच्या पोराचं, एक कृषी केंद्राचं, एक निवृत्त गुरुजींचं आणि एक माझ्या मावसभावाचं.

या वेळी मी माझे नियम ठरवले होते. पहिला नियम, कीबोर्डला मी हात लावायचा नाही. दुसरा, पहिल्या पडद्यावर भाषा यंत्राच्या मालकाने निवडायची. तिसरा, प्रत्येक पडदा त्याने मोठ्याने वाचायचा आणि त्याचा अर्थ त्याच्या शब्दांत मला सांगायचा. चौथा, पहिल्या दिवशी काहीही इन्स्टॉल करायचं नाही.

चौथा नियम लोकांना सगळ्यात विचित्र वाटतो. पण लिनक्सची ही मोठीच सोय आहे आणि नवशिक्यांना कुणी ती नीट सांगत नाही. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. त्यावर सिस्टीम तयार करायची, लॅपटॉप चालू होताना एफ १२ किंवा एफ २ किंवा एस्केप, जे त्या कंपनीचं बटण असेल ते दाबून पेन ड्राइव्हवरून चालू करायचं. डिस्कला धक्का न लावता अख्खं लिनक्स वापरून बघता येतं. दोन-तीन तास वापरा. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर छापतोय का, मराठी टाइप होतंय का. काही लॅपटॉपचं वायफाय सुरुवातीला चालत नाही. तेव्हा फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट लॅपटॉपला द्यायचं, बहुतेक वेळा लगेच चालतं. डाउनलोड आता तीन जीबीच्या आसपास असतं, म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या रिचार्जवाल्याला दोन दिवस. आम्ही ते एकदाच उतरवलं आणि पेन ड्राइव्ह घरोघर फिरवला. असं फिरवणं चोरी नाही, हे गुरुजींना पटवायलाच मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आणि इन्स्टॉल करण्याआधी विचारायचा प्रश्न. "महत्त्वाचं काही आहे का," हा प्रश्न कुचकामी आहे. त्याचं उत्तर नेहमी "नाही" येतं, कारण फाइल म्हणजे काय हे माणसाच्या डोक्यात नसतं, त्याच्या डोक्यात फोटो असतात. आता मी विचारतो, फोटो कुठे आहेत ते मला उघडून दाखवा. लग्नाचे, बारशाचे, गेलेल्या माणसांचे. मग ते दुसऱ्या डिस्कवर घ्यायचे, आणि तिथून उघडून बघायचे. नव्या लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद असू शकते, तर तिची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्यायची.

चारपैकी तीन यंत्रांवर लिनक्स आलं. कृषी केंद्राचं बिलिंग सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालत होतं. केंद्रवाल्या भाऊंनी पेन ड्राइव्हवरून एक तास वापरलं, बिल निघेना म्हणाले, आणि लॅपटॉप बंद करून घरी घेऊन गेले. २०२० चा मी असतो, तर त्यांच्याशी वाद घातला असता, काहीतरी जुगाड करून दिला असता आणि तो पंधरा दिवसांनी मोडला असता. या वेळी मी "बरोबर हाये भाऊ" एवढंच म्हणालो. त्यांनी स्वतः वाचून, बघून 'नाही' म्हटलं होतं. 'नाही' म्हणता आलं, हीसुद्धा मोकळीकच.

गुरुजींना दोन दिवस लागले. एकेक पडदा ते धडा वाचावा तसे वाचत. डिस्क पुसण्याच्या पडद्याशी थांबले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मग मला म्हणाले, "हे समदं जाईन म्हंते."

"हो जी."

"मंग आपले फोटो त्या दुसऱ्या डब्बीत हायेत नं? पाह्य बरं एकडाव."

आम्ही पुन्हा पाहिले. होते. मग त्यांनी स्वतः एंटर दाबलं.

मी पुण्याला परतलो. नोव्हेंबरच्या शेवटी काकूंच्या मुलीचा फोन आला. ती आता आर्वीला कॉलेजात आहे. वर्गातल्या एका मैत्रिणीच्या जुन्या लॅपटॉपवर तिने लिनक्स टाकलं होतं, मला न विचारता. वायफाय चाललं नाही, तर फोन जोडून नेट दिलं आणि ड्रायव्हर स्वतः शोधला. मी विचारलं, आधी फोटो घेतले होते का?

"दादा," ती म्हणाली, "ते तं मी पहिलेच इचारते. मले सांगू नको तू."

मागून काकूंचा आवाज आला, कोणाचा फोन हाये म्हणून. ती म्हणाली, दादाचा. मग पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग काकू फोनवर आल्या आणि नेहमीसारखं विचारलं, "जेवला का बाबू?"